चिरफाड नको, पण मग काय?

आमच्या मुरुडात कुणी सांगितलं, की घरच्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन करायला सांगितलंय, तर पुढचं वाक्य ठरलेलं. 'आता या वयात कशाला चिरफाड?' म्हणजे वाटा दोनच. चिरायचं, नाहीतर घरी आणून ठेवायचं. मधली एक वाट साठ वर्षांपासून आहे, आणि ती निघाली एका म्हातारीच्या नकारातून.

१९६४ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांची एक बाई इस्पितळात होती. मांडीतली रक्तवाहिनी आकसलेली, पायाची बोटं सडायला लागलेली. सर्जनांनी पाय काढायचं ठरवलं. बाई तयार होईना. तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारीला तिच्या रक्तवाहिनीत एक बारीक तार सरकवली. त्या तारेवरून आधी बारीक, मग जरा जाड नळी नेऊन आकसलेली जागा रुंद केली. सगळं काम क्ष-किरणांच्या पडद्याकडे बघत. पाय पुन्हा ऊबदार झाला. बाई पुढं सुमारे अडीच वर्षं जगली, ती स्वतःच्या दोन्ही पायांवर. आपण अँजिओप्लास्टी म्हणतो, तिचा आरंभ हा.

दुर्बिणीचं ऑपरेशन वेगळं. तिथं पोटाला छिद्रं पाडून कॅमेरा आत जातो आणि बहुधा पूर्ण भूल लागते. इथं सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा क्ष-किरणांवर बघत सुई आत नेतात. पुष्कळदा सुई जाते तेवढीच जागा बधिर करून भागतं. यकृतातला पू, खड्यानं तुंबलेल्या किडनीतली लघवी अशी बाहेर काढता येते. थकलेल्या शरीराला नुसत्या चिरेचं भय नसतं. भूल पेलवायची असते, आणि नंतर अंथरुणात पडून राहिल्यानं छातीत कफ साठतो, पाय चालणं विसरतात. आपल्या बोलीत याला अजून धड शब्द नाही. लोक म्हणतात, 'नळी टाकली.' मला तो शब्द आवडतो. जे होतं तेवढंच सांगतो.

माझ्या खालाअम्माला अशी नळी टाकली होती. पित्ताशयात पू झालेला, अंगात ताप, हृदय कमजोर. भूल देणं धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही भाचे-मुलगे बाहेरच्या बाकावर तासभर चर्चा करत बसलो. तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, तर तिचे प्रश्न दोनच. 'सुई कित्ती मोठी है?' आणि 'नमाज पढता येईल का?'

सोनोग्राफीवर बघत उजव्या बरगड्यांखालून नळी गेली. दोन दिवसांत ताप उतरला. खरं काम त्यानंतरचं. नळीला पिशवी, पिशवीत हिरवट पित्त. किती उतरलं ते सून रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. म्हातारं माणूस रात्री बावचळतं, नळी ओढतं; म्हणून तिनं पिशवी परकराच्या नाडीला बांधली. मौलवीसाहेबांनी सांगितलं, प्रत्येक वक्ताला नवा वजू करा, खुर्चीवर बसून पढा. दीड महिन्यानं औषध सोडून फोटो काढला, वाट मोकळी दिसली, नळी निघाली. खडे मात्र तिथंच आहेत.

हे सांगितलं, कारण लहान छिद्र म्हणजे लहान धोका असं समीकरण मांडू नये. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाला सूज आलेले, ऑपरेशनला जोखमीचे समजले गेलेले १४२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नळी टाकली, निम्म्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. मोठी गुंतागुंत झाली ती नळीवाल्यांत ६५ टक्के आणि दुर्बिणीवाल्यांत १२ टक्के जणांना. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता. अगदीच अत्यवस्थ रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे नळी कुणासाठी, तर ज्याला भूल खरोखरच पेलणार नाही त्याच्यासाठी. ज्याला ऑपरेशनचं नुसतं भय वाटतं त्याच्यासाठी नव्हे. हा निवाडा पारावर होत नाही. भूलतज्ज्ञाला विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. किडनी कमजोर असेल तर तेही सांगा, कारण फोटोसाठी शिरेतून द्यायचं औषध तिला बाधू शकतं. आणि नळी किती दिवस राहणार, ती धुवायची कुणी, हे निघण्याआधी विचारून घ्या.

पैशाचा प्रश्न उरतोच. आमच्या भागातून माणसं सोलापूर, पुणे, हैदराबाद गाठतात. गाडीभाड्यातच निम्मा जीव जातो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आपल्याला सांगितलेला उपचार आणि ते इस्पितळ यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी बघायचं. वय धरतात आधार कार्डावरचं. मराठवाड्यात इथंच घोळ होतो. खालाअम्मा पोलिस ॲक्शनच्या वेळी पाच वर्षांची होती, असं घरात सगळे सांगतात. आधारवर तिचा जन्म १ जानेवारी १९५६ चा आहे.