नकाशातलं पाणी आणि वावरातलं पाणी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'तुझ्या कामाबद्दल बोल' असं सांगितलंय. माझं काम म्हणजे जीआयएस, भौगोलिक माहिती प्रणाली. दिवसभर संगणकावर नकाशे. यात ऐकण्यासारखं काय असणार, असं वाटत होतं. पण गेल्या महिन्यात आपल्याच वर्गातल्या एकाच्या पुतणीचा फोन आला. ती याच विषयात एम.एस्सी. करतेय. म्हणाली, "काका, प्रबंधाला विषय सुचवा ना. सोपा हवा, पण मोठा वाटला पाहिजे." मला हसू आलं, कारण २०१० साली मीही अगदी हेच शोधत होतो. ते शोधताना जे झालं, ते मी आजवर कुठे बोललो नाही. आज आपल्या माणसांत सांगतो.

आधी जीआयएस म्हणजे काय ते थोडक्यात. आठवीत भूगोलाच्या सरांनी आपल्याला बटर पेपरवर नकाशे गिरवायला लावले होते, आठवतं? एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर जमीन, तिसऱ्यावर पाऊस. मग तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. जीआयएस म्हणजे तेच. फक्त बटर पेपरच्या जागी संगणकातले थर, आणि प्रत्येक थराला अक्षांश-रेखांशांची पक्की बैठक.

आता माझी गोष्ट. मी पुण्यात शिकत होतो आणि पहिला विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेलो तो असा: 'विदर्भातील भूवापराचे बदल, सुदूर संवेदनाच्या आधारे.' अकरा जिल्हे! सरांनी कागद बघितला आणि विचारलं, "यात तुझा प्रश्न कुठला?" मी म्हटलं, "बदल दाखवणार." ते म्हणाले, "ते उपग्रह दाखवेल. तू काय करणार?" मी गप्प.

मग मी दुसरा विषय घेतला, आपल्या तालुक्यापुरता. 'भूजल संभाव्यता क्षेत्रांचा नकाशा.' हा विषय त्या वेळीही लोकप्रिय होता, आजही आहे. रीत ठरलेली असते. खडक, भूरूप, उतार, माती, नाल्यांची दाटी, जमिनीतल्या भेगांच्या रेषा, भूवापर असे थर घ्यायचे. प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे गुण द्यायचे. गुणांची बेरीज करायची आणि नकाशा रंगवायचा. गडद निळा म्हणजे पाणी उत्तम, पिवळा म्हणजे जेमतेम. नकाशा दिसतो फार देखणा. गुण किती द्यायचे ते मी दुसऱ्या एका जिल्ह्यावरच्या लेखातून जसेच्या तसे उचलले होते. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मे २०११ मध्ये सुट्टीत घरी आलो. आमचं वावर तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय, हुरड्याला आला होतात. पऱ्हाटी आणि तूर, एक जुनी विहीर, ती मार्चनंतर तळाला जायची. बाबांनी आधी एक बोर मारून पाहिलं होतं, ते कोरडं गेलं होतं. दुसऱ्यासाठी ते पाणाड्याला बोलावणार होते. मी म्हटलं, "पाणाड्या कशाला? माझ्याकडे नकाशा आहे." लॅपटॉप उघडून दाखवला. आमच्या वावराचा खालचा कोपरा, नाल्याकडच्या धुऱ्याजवळ, गडद निळा होता. बाबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मुलगा पुण्यात शिकतो, त्याच्या संगणकात निळं दिसतंय, एवढं त्यांना पुरलं. बैलजोडी विकली आणि गाडी बोलावली.

२८० फुटांपर्यंत नुसती राखाडी धूळ उडत होती. गाडीवाल्यानं शेवटी विचारलं, "आणखी टाकू का?" बाबा म्हणाले, "राहू दे."

संध्याकाळी ओसरीवर ते मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुह्या नकाशात पाणी हाये, मंग आपल्या वावरात काहून नाही?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण प्रबंधाचा विषय मिळाला होता. मार्गदर्शकांनी विचारलेला 'प्रश्न' हाच होता. मी पुण्याला परत जाऊन सरांना सगळं सांगितलं, उचललेल्या गुणांसकट. ते म्हणाले, "आता नकाशा काढू नकोस. काढलेला तपास." विषयाचं नाव बदललं. नकाशा जिथे 'उत्तम' म्हणतो, तिथल्या विहिरींत खरंच पाणी असतं का, आणि नसलं तर का नसतं?

विषय लहान झाला. सबंध तालुक्याऐवजी दोन नाल्यांचं पाणलोट घेतलं. विहिरी ५२. प्रत्येक विहीर पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात मोजायची. पहिल्या दिवशी एका शेतकऱ्यानं विहिरीजवळ येऊ दिलं नाही. त्याला वाटलं, मी सरकारी माणूस आहे आणि पाण्यावर पट्टी बसवायला आलोय. दुसऱ्या दिवसापासून बाबा सोबत आले. लोकांशी ते बोलायचे, टेप मी सोडायचो, आकडा ते मोठ्यानं वाचायचे. बोरच्या विषयावर आम्ही बोललो नाही. ५२ विहिरी दोनदा केल्या.

त्यातून जे समजलं ते भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आधीपासून लिहिलेलं आहे, मी मात्र पायी फिरून शिकलो. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. मातीत किंवा वाळूत पाणी सगळीकडे पसरतं, तसं या खडकात पसरत नाही. वरचा झिजलेला मुरूम, खडकातल्या भेगा, आणि थरांच्या माथ्यावरचा सच्छिद्र भाग, एवढ्यातच ते साठतं. मधला घट्ट काळा पाषाण कोरडाच. म्हणून एका धुऱ्याच्या अलीकडे विहीर भरलेली आणि पलीकडे २८० फूट धूळ, असं होऊ शकतं. माझ्या नकाशानं उतार आणि नाला पाहून आमच्या कोपऱ्याला भरपूर गुण दिले होते. पण तिथे मुरमाचा थर किती जाड आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. तो थरच मी घेतला नव्हता, कारण तो आयता मिळत नव्हता.

आणखी एक गोष्ट. मी वापरलेल्या लँडसॅटच्या चित्रात एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा. आपल्या हिशोबात सुमारे नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांत एकच रंग! त्यात विहीरही आली, धुराही आला, बाभूळही आली. आता सेंटिनेल उपग्रहाचा चौकोन १० मीटरचा आहे, म्हणजे जवळपास एक गुंठा. चित्र बारीक झालं, पण जमिनीखालचं त्यालाही दिसत नाही.

आता आपल्या गावची एक गोष्ट. विल्यम लॅम्ब्टन हे नाव सरांनी वर्गात सांगितलं होतं, तेव्हा आपण मागच्या बाकावर चिंचा खात होतो. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून त्यानं भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीची आधाररेषा मोजली. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ती मोजणी उत्तरेकडे सरकली. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर आपल्याच गावात आहे. पुढे त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं, ज्याचं नाव शिखराला मिळालं. मला लॅम्ब्टनची आवडते ती गोष्ट वेगळी. नुसत्या गणितावर त्याचा विश्वास नव्हता. १८०४ साली बंगळूरजवळ त्यानं दुसरी आधाररेषा पुन्हा जमिनीवर मोजली आणि त्रिकोणांच्या गणितातून आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. कित्येक मैलांच्या रेषेत फरक काही इंचांचा निघाला. तो माणूस दोनशे वर्षांपूर्वी जे करत होता, ते मी २०११ मध्ये केलं नव्हतं. मी गणित केलं आणि बाबांना गाडी बोलवायला लावली.

म्हणून त्या पुतणीला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. आपली मुलं आता या वयाकडे येत आहेत, कुणाच्या कामी येईल.

सॉफ्टवेअर आणि चित्रं आधी घेऊन विषय शोधू नये. क्यूजीआयएस फुकट आहे, लँडसॅट आणि सेंटिनेलची चित्रं फुकट आहेत, त्यामुळे हा मोह मोठा आहे. आधी प्रश्न हवा, आणि तो ज्याला पडलाय असा एखादा तरी माणूस ओळखीचा हवा. मग पाहावं की उत्तर तपासायला मोजमाप मिळेल का. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, नागपूरला सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, मृदा सर्वेक्षणाचा ब्यूरो आहे. तिथे अर्ज करावा, आणि विषय नक्की करण्याआधी करावा. माहिती हातात यायला महिने जातात आणि प्रबंधाची मुदत थांबत नाही. शेवटी, सीमा एवढीच घ्यावी की जिथे आपण स्वतः पायी दोनदा जाऊ शकू. एकदा गेलेल्या माणसाला ऑक्टोबरच दिसतो. मे पाहायला पुन्हा जावं लागतं.

आणि नकाशा कुणाच्या हातात देण्याआधी त्यावर लिहावं की कुठे तपासला आहे आणि कुठे नाही. माझ्या प्रबंधातल्या शेवटच्या नकाशावर ज्या भागात एकही विहीर मोजली नव्हती, तो मी कोरा ठेवला. परीक्षकांनी विचारलं, "हा पांढरा भाग राहून गेला का?" मी म्हटलं, "नाही सर, तिथलं मला माहीत नाही." त्यांनी पुढचं पान उलटलं.

आमच्या वावरात आजही बोर नाही. जुनी विहीर मुरमापर्यंत रुंद केली, धुऱ्यावर चर खोदले. बऱ्या पावसाच्या वर्षी फेब्रुवारीच्या पुढे थोडे दिवस पाणी पुरतं. बैलजोडी मात्र पुन्हा झाली नाही. प्रबंधाची एक प्रत बाबांकडे आहे. इंग्रजीत आहे, त्यांना वाचता येत नाही. पण मागच्या परिशिष्टात ५२ विहिरींचे आकडे आहेत, ते त्यांना वाचता येतात. पाहुणे आले की ते पान काढून दाखवतात.

भूगोलाचे सर आज समोर बसले आहेत. सर, ते बटर पेपर तुम्ही खिडकीवर धरायला लावायचात आणि वर म्हणायचात, "आता बाहेर बघा, जुळतंय का." नकाशाचा अर्धा भाग मी तेव्हा शिकलो होतो. उरलेला अर्धा शिकायला मला बाबांची बैलजोडी लागली.