चित्रपट-परीक्षणाचा निकष

नवा चित्रपट प्रदर्शित होताच परीक्षकांची मते उमटू लागतात. परंतु पुष्कळदा सर्व प्रकारच्या चित्रपटांना एकच मापदंड लावला जातो. वस्तुतः ‘संत तुकाराम’ने (१९३६) भक्तिरसाने, ‘कुंकू’ने (१९३७) जरठ-कुमारी विवाहाविरुद्धच्या झुंजीने, तर ‘ब्रह्मचारी’ने (१९३८) उपहासाने प्रेक्षकांस जिंकले. एकाचा निकष दुसऱ्यास लावणे म्हणजे अभंगात विनोद धुंडाळणे होय. चुकीच्या मताची किंमत मात्र प्रेक्षकास मोजावी लागते. भंडारा जिल्ह्यातील चिखल्याच्या मँगनीज खाणीत राबणाऱ्या कामगारास तिकिटाचे दाम घाम गाळूनच मिळवावे लागतात. म्हणून चित्रपटाने काय योजिले व त्यांतील कितपत साधले, एवढे परीक्षकाने निर्भीडपणे सांगावे. आवडनिवड प्रेक्षकांवर सोपवावी. त्यातच परीक्षकाची प्रतिष्ठा आहे.