सातवा दोषी

(गोरेगाव येथील सलोखा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'मिशनरी आणि सलोखा'. तो ऐकून आपल्याच एका कार्यकर्त्याने विचारले, "मिशनरींचे काम धर्मांतराचे. आपण त्यांच्याबद्दल का बोलायचे?" मी म्हटले, असाच संशय आपल्यावर घेतला जातो तेव्हा आपल्याला कसे वाटते? आधी माणूस काय करून गेला ते पाहू.

फ्रँक बुकमन हे अमेरिकेतील लुथरन धर्मोपदेशक. फिलाडेल्फियात तरुणांसाठी ते एक वसतिगृह चालवत. संचालक मंडळातील सहा जणांशी खटके उडाले, त्यांनी राजीनामा दिला आणि मनात राग घेऊन ते युरोपात गेले. १९०८ साली इंग्लंडमधील केझिक येथे एका प्रवचनात त्यांना जाणवले, की ते सहा जण चुकले असतील, पण सातवा दोषी मी आहे. कारण हा द्वेष माझा आहे. त्यांनी सहाही जणांना माफीची पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. हिटलरबद्दल १९३६ साली काढलेल्या उद्गारांवरून त्यांच्यावर कडक टीका झाली, हेही सांगायला हवे. पण त्या सहा पत्रांची वाट पुढे बरीच लांब गेली.

त्यांच्या 'मॉरल रिआर्मामेंट' चळवळीच्या स्वित्झर्लंडमधील को येथील केंद्रात १९४७ साली इरेन लॉर ही फ्रेंच समाजवादी बाई आली. नाझींनी तिच्या मुलाचा छळ केला होता. जर्मन माणसे दिसताच ती परत निघाली होती. शेवटी तिने व्यासपीठावरून आपल्या द्वेषाबद्दल जर्मनांचीच माफी मागितली.

ही चळवळ भारतात राजमोहन गांधींनी उभी केली. १९६८ पासून पाचगणीला तिचे 'एशिया प्लॅटो' केंद्र आहे. तिथे सर्व धर्मांचे लोक येतात. याच चळवळीतल्या सुशोभा बर्वे १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईच्या होरपळलेल्या वस्त्यांत फिरल्या. ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्यासोबत त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एका सतरंजीवर बसू लागले. भिवंडीत सुरेश खोपडे यांनी अशा कमिट्या आधीच बांधल्या होत्या. मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आता माझे स्वतःचे. जानेवारी १९९३ मध्ये मी बारा वर्षांचा होतो. शेजारच्या जोगेश्वरीतल्या बातम्या आल्या आणि अब्बांनी खोलीला कुलूप लावले. चावी शेजारच्या काकांकडे दिली आणि आम्ही मुंब्र्याला नातेवाइकांकडे गेलो. परत आलो तेव्हा खोली लुटलेली होती. अब्बा म्हणाले, "चावी त्यांच्याकडे होती." एवढेच. तेच वाक्य मी पुढे वर्षानुवर्षे मित्रांना सांगत राहिलो. अब्बांच्या इंतकालानंतर चाळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून कळले, की त्या रात्री काका दारात आडवे उभे राहिले होते आणि त्यांचा हात मोडला होता.

मी त्यांच्या घरी गेलो. "काका, मी तुम्हाला चोर म्हणत आलो. मला माफ करा." ते बराच वेळ गप्प बसले. मग काकूंना म्हणाले, "याला चहा दे." त्यांनी माफ केले की नाही, मला आजही माहीत नाही. बुकमन यांना तरी कुठे उत्तर मिळाले होते?

कुणी म्हणेल, मग न्यायाचे काय? श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले, त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. दोषींना शिक्षा मागणे आपण सोडायचे नाही. माझी माफी कोर्टाच्या निकालाची जागा घेऊ शकत नाही. पण शेजाऱ्यावर मी केलेला अन्याय कुठलाही आयोग मोजणार नाही. तो मलाच मोजावा लागेल.

आपल्या गोरेगावात आरे रोडला ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी सेमिनरी आहे, मशिदी आहेत, मंदिरे आहेत. मोठ्या सभेची वाट पाहू नका. ज्या एका दाराकडे पाहायचे आपण टाळतो, त्या दाराशी या आठवड्यात जाऊन या. चहा मिळेलच असे नाही. तरीही जा.