घरपट्टीची पावती आणि मालकी

घरपट्टीची पावती नावावर आली की घर आपले झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती फसवा आहे, हे सिल्वासाचा इतिहासच सांगतो.

१७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांस वार्षिक १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याचे मान्य केले. १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगरहवेली-दादरा त्यांच्या हाती गेली. १९६० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कागद पारखले. मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर वा सरंजाम. सार्वभौमत्व नव्हे, असा निर्वाळा त्याने दिला. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले गेले ते पुढे इंग्रजांनी दिलेल्या मान्यतेमुळे.

नगरपालिकेच्या करनोंदीचेही तसेच आहे. कर किती आणि कोणाकडून घ्यावयाचा, एवढेच ती सांगते. मालकी ठरवीत नाही. म्हणून आयुष्याची पुंजी घरात घालणाऱ्याने थकबाकी करनोंदीत पाहावी. मालकी मात्र जमिनीच्या हक्कनोंदीत व नोंदणी झालेल्या खरेदीखतात शोधावी. पोर्तुगीज अमदानीतला ‘अल्वारा’ कोणी पुढे केला, तर ती धारणापद्धती १९७१ च्या भूसुधारणा विनियमाने रद्द झाली, हे स्मरावे. पावती भरण्याची साक्ष देते, मालकीची नव्हे.