दोन कंसांची किंमत



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत. तेव्हा संगणकावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे आपण विचाराल, तर तो एका पगारपत्रकाने दिला.

एका कारखान्यातील आमच्या करारात एक कलम होते : 'कामगार उशिरा आला किंवा गैरहजर राहिला आणि त्याने परवानगी घेतलेली नसली, तर पगार कापावा.' सह्या करताना दोन्ही पक्षांच्या मनात अर्थ एकच होता. परवानगी असली की कपात नाही. मग उशीर असो वा खाडा. पुढे पगार संगणकावर गेला आणि पहिल्याच महिन्यात रीतसर परवानगी घेऊन उशिरा आलेल्यांचे पैसे कापले गेले. परवानगीने खाडा करणारे मात्र सुटले! साहेब म्हणाले, "यंत्र चुकत नाही."

यंत्र खरोखरच चुकले नव्हते. शाळेतले 'कंचेभागुबेव' आठवा. २ + ३ × ४ याचे उत्तर २० नव्हे, १४. कारण गुणाकार बेरजेच्या आधी. सी, जावा, पायथन या संगणकाच्या भाषांत 'आणि'चा मान गुणाकाराचा, 'किंवा'चा बेरजेचा. म्हणून यंत्राने 'गैरहजर आणि विनापरवानगी' ही जोडी आधी बांधली. 'उशीर' एकटा पडला, आणि त्याला परवानगीचा आधार उरला नाही. 'उशीर किंवा गैरहजर' एवढ्याभोवती कंस घालताच हिशेब सरळ झाला. पैसे पुढच्या पगारात परत मिळाले. पण वाण्याची उधारी तोवर थांबली नव्हती.

अशी ठेच जाणत्यांनाही लागते. सी भाषेचे कर्ते डेनिस रिची यांनी जुन्या बी भाषेतील एका 'आणि'चा क्रम, जुने लिखाण बदलण्याचा त्रास नको म्हणून, समानता तपासणाऱ्या चिन्हाच्या खालीच राहू दिला. तो बदलला असता तर बरे झाले असते, असे त्यांनीच १९९३ च्या निबंधात लिहिले. आजही तिथे कंस विसरणारा फसतो.

तरुण मित्र म्हणतात, "आम्हांला क्रम पाठ आहे." असेल, पण तुमच्यामागून ते वाचणाऱ्याला आणि ज्याचा पगार त्यावर ठरतो त्याला तो पाठ नसतो. म्हणून गरज नसली तरी कंस घाला. आम्हीही आता करारात अशा अटी एका वाक्यात कोंबत नाही, वेगवेगळ्या लिहितो. मनातला अर्थ कागदावर उतरला नाही, तर त्याची किंमत सही करणारा नव्हे, राबणारा भरतो.