सोन्याच्या घड्याळाला उजळा नको

सोन्याची वस्तू हाती आली की आपण आधी काय विचारतो? वजन किती, कस किती, घडणावळ किती? बांगडी मळली तर उजळा द्यायचा, मोडली तर आटवायची. दागिन्यापुरता हा हिशेब ठीकच आहे. पण सोन्याची जुनी क्रोनोग्राफ घड्याळे जमवायचे तुमच्या मनात असेल, तर तो आधी बाजूला ठेवा.

क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात एक निराळा सेकंदकाटा असतो आणि तो कळ दाबून सुरू करता, थांबवता नि शून्यावर आणता येतो, असे घड्याळ. नावाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक याने वापरलेले यंत्र खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे! पुढे ही युक्ती मनगटावर आली. डॉक्टरांसाठी नाडीच्या आकड्यांची तबकडी निघाली. काटा सुरू करून तीस ठोके मोजायचे आणि थांबवायचा. मिनिटाला किती ठोके पडतात, ते काटाच दाखवी.

आता सोन्याच्या मोलाची गंमत पाहा. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १९४१ साली १५१८ क्रमांकाचे घड्याळ काढले. त्यात क्रोनोग्राफ होता, शिवाय लीप वर्षाचाही हिशेब राखणारी दिनदर्शिका होती. अशी २८१ घड्याळे झाली, बहुतेक सगळी सोन्याची. पोलादी मात्र चारच ठाऊक आहेत. त्यांतले एक २०१६ साली जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांना गेले. सोन्याची भावंडं मागेच राहिली. म्हणजे संग्राहक पैसे मोजतो ते धातूच्या वजनाचे नव्हेत.

मग कशाचे? दुर्मिळतेचे, आणि घड्याळ मुळात होते तसे राहिले असेल तर त्याचे. अठरा कॅरटचे सोने मऊ असते. प्रत्येक उजळ्याबरोबर त्याचा पातळसा थर जातो. पट्टा अडकवायच्या कानांची धार बोथट होते, शिक्के पुसट होतात. १९९५ पूर्वीच्या स्विस घड्याळांत अठरा कॅरटला हेल्वेशिया या स्त्रीचे मस्तक आणि चौदा कॅरटला खार, असे शिक्के असत. ते झिजले की सोन्याची साक्षच गेली. तबकडीचंही तेच. पिवळसर पडलेली मूळ तबकडी बरी, नव्याने रंगवलेली नको.

घेताना मागचे झाकण जाणत्या घड्याळजीकडून उघडवून घ्या. कळ दाबताच काटा न उडता निघतो का, शून्यावर नेमका येतो का, हे पाहा. काटा धावत असताना शून्याची कळ जोराने दाबू नका बरं का. बऱ्याच जुन्या यंत्रांना ते सोसत नाही.

आणखी एक सांगायचे आहे. १९८० च्या जानेवारीत सोन्याचा भाव भडकला, तेव्हा कितीतरी जुन्या घड्याळांची सोन्याची कवचं आटवली गेली आणि आतली यंत्रं नुसती उरली. भाव चढला की हा मोह पुन्हा होतो. तुमच्या कपाटात आजोबांचे असे एखादे घड्याळ असेल, तर सराफाकडे जाण्यापूर्वी घड्याळजीकडे जा. आतले क्रमांक टिपून घ्या. काही कंपन्या जुन्या दप्तरातून ते केव्हा घडले, हे कळवतात. मग ठेवायचे की विकायचे, ते खुशाल ठरवा. आटवलेले घड्याळ मात्र कोणत्याही भावाने परत मिळत नाही.