रस्ता आधी रंगवून पाहा

बैठकीत आपण बचतीचा आणि कर्जाचा हिशोब मांडतो. आज रस्त्याचा हिशोब मांडू. रस्ता कुणाचा? गाडीवाल्यांचा, की चालणाऱ्यांचा, सायकलवाल्यांचा आणि बसची वाट बघणाऱ्यांचाही?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न जॅनेट सादिक-खान या बाईंनी धसाला लावला. त्या इंजिनिअर नाहीत, शिक्षण वकिलीचं. आधी महापालिकेत, मग केंद्र सरकारच्या सार्वजनिक वाहतूक खात्यात, पुढे खासगी कंपनीत, असं करत त्या वाहतुकीचं काम शिकत गेल्या. २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्यांना शहराच्या वाहतूक आयुक्त केलं. २०१३ अखेरपर्यंत त्या या पदावर होत्या.

त्यांची रीत आपल्याला पटेल अशी आहे. आधी थोड्या खर्चात करून बघायचं, मोजायचं, आणि जमलं तर पक्कं करायचं. टाइम्स स्क्वेअर हा तिथला फार गर्दीचा चौक. मे २००९ मध्ये तिथल्या ब्रॉडवे रस्त्याचा काही भाग त्यांनी गाड्यांना बंद केला आणि लोकांना बसायला साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. लोक येऊन बसले. मग मोजणी झाली. पायी चालणाऱ्यांना होणाऱ्या दुखापती ३५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. २०१० साली हा बदल कायम झाला.

सायकलींसाठी त्यांनी उभ्या गाड्यांची रांग फुटपाथपासून थोडी दूर सरकवली आणि मधली जागा सायकलला दिली. धावत्या गाड्या आणि सायकल यांच्यामध्ये उभ्या गाड्यांचीच भिंत झाली. त्यांच्या काळात शहरात सुमारे ६४० किलोमीटर सायकलमार्ग झाले. बससाठी वेगळी पट्टी आखली, आणि काही मार्गांवर तिकीट थांब्यावरच काढायची सोय केली, म्हणजे दारात खोळंबा नको.

विरोध झाला नाही असं समजू नका. ब्रुकलिन भागातल्या एका सायकलमार्गावरून काही रहिवासी २०११ साली कोर्टात गेले. बाईंच्या विभागाकडे मोजणी तयार होती. आधी त्या रस्त्यावर चारातल्या तीन गाड्या वेगमर्यादा मोडायच्या, नंतर ते प्रमाण पाचात एकावर आलं. तो मार्ग आजही आहे.

आता आपल्याकडे बघू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. चांगली गोष्ट आहे. पण बसच वेळेवर नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? आमच्याकडे शाळा सुटायच्या आधी बस निघून जाते, आणि पुढची येते अंधार पडल्यावर. दहावीनंतर आमच्या काही मुली घरी बसल्या. त्या हुशार नव्हत्या म्हणून नाही. घरी पोचायला रात्र होते म्हणून.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय, आणि तुम्हीही करून बघा. एक वही घ्या. आठवडाभर दोघी-दोघींनी पाळीपाळीने थांब्यावर बसा. तारीख लिहा, बस किती वाजता आली, थांबली की तशीच गेली, मुली किती, बाया किती, सायकलवर किती, सगळं लिहा. ती नोंद ग्रामसभेत वाचा आणि ठराव करून घ्या. ठरावाची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. अर्जात एवढंच मागा, “एक महिना वेळ बदलून बघा.” महिनाभर करून बघायला नाही म्हणणं अवघड जातं. त्या महिन्यातही वही चालू ठेवा.

सायकलवाल्या मुलींसाठी रस्त्याकडेच्या बाभळी तोडणं आणि खड्डे बुजवणं हेही ग्रामपंचायतीकडे लेखी मागा.

“बस मिळत नाही” असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. “सोमवारी अठरा मुली थांबल्या आणि बस आली नाही” असं तारखेनिशी लिहिलेलं मात्र साहेबांना बाजूला ठेवता येत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, या सोमवारपासून वही घेऊन थांब्यावर बसू या.